एका कानात पुढचं

१

डीजेचं काम म्हणजे चार बटणं दाबायची आणि हात वर करून नाचायचं, असं त्याच्या मेव्हण्याचं ठाम मत होतं. हे मत मेव्हणा दर भेटीला नव्याने सांगायचा. डीजे तोंडदेखलं हसायचा आणि आतल्या आत चरफडायचा. या माणसाला एकदा आपल्या मागच्या खोलीत आणून आठवडाभर कोंडून ठेवलं पाहिजे, असं त्याला दर वेळी वाटे.

कारण खरं काम त्या खोलीत चालायचं, भर दिवसा, बंद दाराआड, अंगात जुना बनियन घालून. चारशे गाण्यांतून पस्तीस निवडायची. प्रत्येकाचा वेग बघायचा. संगणकाने ठोके नीट पकडलेत का ते तपासायचं, कारण संगणक हटकून केसभर चुकतो आणि तो केस मैदानावर दोराएवढा होतो. गाण्यात कुठून शिरायचं, कुठून निघायचं, तिथे खुणा करून ठेवायच्या. मग एक गाणं स्पीकरवर लावायचं, दुसरं फक्त हेडफोनमध्ये, आणि हाताखालची चकती मागेपुढे ढकलत दोघांचे ठोके एकावर एक बसवायचे. हेडफोन एकाच कानावर ठेवायचा, दुसरा कान उघडा. उघड्या कानात आताचं गाणं, झाकलेल्या कानात पुढचं. सतरा वर्षं असं जगल्यावर माणूस कुठल्याच गाण्यात पुरता राहत नाही, हे त्याची बायको त्याला अधूनमधून ऐकवायची.

शनिवारी दुपारी चारला मोठ्या मैदानावरच्या संगीत महोत्सवात त्याला दीड तास मिळाला होता. आजवर त्याने लोकांच्या वाढदिवसांत आणि ऑफिसच्या पार्ट्यांत चिठ्ठीवर लिहून आलेली गाणी वाजवली होती. हा दीड तास पहिल्यांदा त्याचा स्वतःचा होता. वय बघता दुसरा मिळण्याची लक्षणं नव्हती.

आणि नेमक्या याच आठवड्यात बाबांना चालायचं होतं.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. रोज पाच-सहा वेळा पॅसेजमधून न्हाणीघरापर्यंत जायचं आणि यायचं, आणि कोणीतरी सोबत असल्याशिवाय जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परत पडले तर उठतील याची खात्री देता येणार नाही, हेही त्यांनी बाबांच्या समोरच सांगितलं होतं. बायको सकाळी दातांच्या लॅबमध्ये कामाला जायची ती सहाला परत यायची. घरी होता तो डीजे. म्हणजे सोबत करायची ती त्याने. तो करायचाही, म्हणजे बंद दाराआडून ओरडायचा, "सावकाश हां, बाबा!"

बाबांच्या काठीच्या टोकाचं रबर झिजून गेलं होतं. नवीन आणायचं रोज राहून जायचं. त्यामुळे बाबा चालले की घरभर ऐकू यायचं. टक. टक. टक. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बरोबर अकरा.

सोमवारी अकराच्या सुमाराला तो एक संथ गाणं हेडफोनमध्ये तपासत होता. त्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि जराशी शांतता येते. त्या शांततेत त्याला काठी ऐकू आली. अकरा टक, मग खोकला.

"बाबा, जरा पंधरा मिनिटं बसा ना!" तो ओरडला. "काम करतोय मी!"

"अरे, बसलोच आहे," बाबांचा आवाज त्यांच्या खोलीतून आला. "उठलोय कुठे अजून?"

त्याने पुन्हा चकतीवर हात ठेवला. अर्ध्या मिनिटाने पलंग करकरला आणि पॅसेजमध्ये काठी वाजायला लागली. अकरा टक. मग खोकला.

२

त्याने आधी दोष दिला तो हेडफोनच्या वायरला. वायर बदलली. मग गाण्याला दोष दिला. गाणं पुसून पुन्हा उतरवून घेतलं. संगणकाच्या पडद्यावर त्या शांततेच्या जागी एक सरळ रेघ होती, मुंगीएवढासुद्धा उंचवटा नाही. स्पीकरवर लावलं की तिथे काहीच वाजायचं नाही. हेडफोन लावला की खोलीचा आवाज यायचा, आणि खोली दुसरी कुठली नाही, त्याच्याच घरातली. पलंगाची करकर, नळाची टिपटिप, पंख्याची ती एक ओळखीची कुरकुर.

मंगळवारभर त्याने दुसरी गाणी लावून पाहिली. ज्या ज्या गाण्यात जराशी उसंत होती, त्या त्या गाण्यात हे होतं. पस्तीस गाण्यांपैकी एकही पुरं झालं नाही. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

शेवटी त्याने आपल्या जुन्या साउंडवाल्या दोस्ताला फोन लावला. त्याला सगळे भोंग्या म्हणायचे. कारण तो कुजबुजला तरी दोन घरांपलीकडे ऐकू जायचं.

"माईक चालू राहिला असेल कुठलातरी," भोंग्या म्हणाला.

"माईकच नाहीये रे माझ्याकडे. मी गाणी वाजवतो, भाषणं नाही करत."

"मग फोन जवळ ठेवला असशील."

"फोन स्वयंपाकघरात आहे. होता. तुझ्याशी बोलायला आणला."

"मग कान," भोंग्या म्हणाला. "सतरा वर्षं झोडतोयस बिचाऱ्यांना. दोन दिवस आराम दे."

"दोन दिवस? शनिवारी काय तुझं डोकं वाजवू?"

भोंग्या पोट धरून हसला. याला मात्र जराही हसू आलं नाही. त्याने फोन ठेवला आणि आपल्याच मांडीवर बुक्की मारली.

३

बुधवारी त्याने मोजलं. मोजण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, असंही म्हणता येईल.

हेडफोनमध्ये बाबा शिंकले, दोनदा. त्याने समोरच्या पाकिटावर लिहिलं, 'शिंक, दोन', आणि स्पीकरवरच्या गाण्याचे ठोके मोजू लागला. साठ झाले, चौसष्ट झाले, आणि पलीकडच्या खोलीत बाबा शिंकले. दोनदा. मग त्याने लिहिलं, 'वाटी पडली.' चौसष्ट ठोक्यांनी वाटी पडली. मग त्याने लिहिलं, 'बाबांची हाक, अरे ऐकतोस का, उशी.' पेन खाली ठेवून तो उठला, बाबांच्या खोलीत गेला आणि त्यांच्या पाठीमागे उशी सारली.

बाबांनी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. "मी हाक मारणारच होतो तुला," ते म्हणाले. "आज सूर्य कुठून उगवला?"

बाबांनी आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. यंत्र उघडण्याआधी नुसतं ऐकून ते सांगायचे, कुठला स्क्रू ढिला झालाय. गेल्या चार महिन्यांत मुलाच्या कामाबद्दल ते एकदाही काही बोलले नव्हते. आज मात्र म्हणाले, "तुझ्या त्या खोलीतलं काहीतरी सैल झालंय रे. मागचं पुढे येतंय. मला इथपर्यंत लागतं ते."

"कुठलं मागचं?"

"ते मला काय कळणार? तुझं यंत्र ते. बघ बाबा."

संध्याकाळी त्याने बायकोला पाकीट दाखवलं. तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"हे तू नंतर लिहिलं असशील," ती म्हणाली.

"मी आधी लिहिलं! मला काय वेड लागलंय?"

"मी कुठे तसं म्हटलं? असं होतं माणसाला. आधीच ऐकल्यासारखं वाटतं. मलाही होतं कधीकधी." मग तिचा आवाज बदलला. "बाबांबरोबर चाललास का आज?"

"चाललो."

"कितीदा?"

त्याने पाकिटाची घडी घातली. तिने पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "ते गप्प असतात म्हणून त्यांना कळत नाही असं नाही." त्याला तिचा राग आला, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला.

४

गुरुवारी जे झालं ते केवळ त्याच्याच हातून होऊ शकलं असतं. दुसऱ्या कोणाला तशी खोडच नसते.

उरलेले दोन दिवस काहीही ऐकू आलं तरी दुर्लक्ष करायचं, असं त्याने ठरवलं होतं. गाणी एकाला एक जोडत तो पुढे चालला होता, आणि काम कधी नव्हे ते जमत होतं. पंधराव्या गाण्याच्या शांततेत काठी आली. टक. टक. आली तर आली, त्याने मनावर घेतलं नाही. पण काठी ठोक्यावर पडत नव्हती. किंचित मागे पडत होती, प्रत्येक वेळी, तेवढीच. ज्याने उभं आयुष्य दोन ठोके एकावर एक बसवण्यात घालवलंय, त्याला असं ऐकवत नाही. दातात अडकलेल्या तुसासारखं ते छळतं. त्याचं लक्ष पडद्यावर होतं, आणि हाताने सवयीने चकती जराशी पुढे ढकलली.

काठी ठोक्यावर आली.

तो नीट ऐकत राहिला. टक, टक, टक, टक, गाण्याशी अगदी घट्ट. त्याला बरंसुद्धा वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की जो आवाज गाण्यात नाहीच तो चकती ढकलल्याने हलायला नको होता.

त्याने हेडफोन उतरवला. पॅसेजमध्ये बाबा निघाले होते. टक, टक, टक, आणि मग एकदम दोन झपाट्याने, भिंतीवर तळवा आपटल्याचा आवाज, आणि "अगं आई गं."

तो धावला. बाबा भिंतीला धरून उभे होते, चेहरा पांढराफटक.

"पाय ओढला गेला रे पुढे," ते म्हणाले. "कोणीतरी ढकलल्यासारखा. मी नव्हतो टाकत एवढ्या भरभर."

"लागलं का?"

"नाही लागलं." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू का एवढा धावत आलास?"

त्याने त्यांना धरून खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मग आपल्या खोलीत येऊन हेडफोनची वायर उपटली आणि हेडफोन कपाटात कपड्यांखाली कोंबला. योगायोग, असं त्याने स्वतःला बजावलं. म्हातारं माणूस, झिजलेली काठी, गुळगुळीत फरशी. उद्या सकाळी पहिलं काम रबर आणायचं.

पण मनातला हिशोबी माणूस गप्प बसेना. चकती ढकलल्यापासून बाबांची काठी वाजेपर्यंत चौसष्ट ठोके झाले नव्हते. फार तर वीस झाले असतील. आठवड्याभरात त्या चकतीला आपला हात नकळत किती वेळा लागला असेल, हे त्याला आठवेना. पुढचं आताच्या जवळ आणायचं, हेच तर त्याचं काम होतं.

५

शुक्रवारी सकाळी त्याने रबर आणलं. दुकानदाराने एक माप मोठं दिलं. ते काठीवर बसेना, फिरत राहिलं, आणि शेवटी बाबाच म्हणाले, "राहू दे, दुपारी बदलून आण. आता तुझं काम कर, उद्याचा दिवस महत्त्वाचा."

"मी येईपर्यंत उठायचं नाही हां."

"नाही उठत रे."

त्याने हेडफोनशिवाय तालीम सुरू केली. दोन्ही गाणी स्पीकरवरच जुळवायची, असा बेत. तो जमण्यातला नव्हता. पुढचं गाणं आधी ऐकायला मिळालं नाही की डीजे म्हणजे डोळे बांधून जिना उतरणारा माणूस. पहिला जोड फसला. दुसऱ्यात दोन्ही ढोल एकमेकांच्या अंगावर पडले. तिसऱ्यांदा त्याने शिवी हासडली. दुपार कलली, रबर बदलून आणायचं तसंच राहिलं. चौथ्यांदा दोन्ही गाणी बंद करून तो हातात डोकं धरून बसला. सतरा वर्षं, आणि आता या पायरीशी येऊन आपण एका आवाजाला भिऊन बसायचं? उद्या एवढ्या माणसांसमोर तोंडघशी पडायचं, कारण काय, तर घरातली काठी? त्याला स्वतःची चीड आली, भोंग्याची आली, मेव्हण्याची तर विनाकारण आली, आणि खरं सांगायचं तर बाबांचीही आली. चालायचं असेल तर चाला, नाहीतर पडून राहा, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. ते आल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

कपाटातून त्याने हेडफोन काढला. फक्त हा एक जोड, असं म्हणत वायर खोचली आणि एक कान झाकला.

स्पीकरवर पहिलं गाणं उतरणीला लागलं होतं. हेडफोनमध्ये दुसरं शांततेपाशी आलं. पलंग करकरला. चपला सरकल्या.

टक.

त्याने उघड्या कानाने ऐकलं. तिथेही पलंग करकरला होता. तिथेही टक.

मध्ये एकही ठोका नव्हता. दोन्ही कानांत तीच काठी, त्याच क्षणी, एकावर एक, सुईच्या टोकाइतकंही अंतर न ठेवता. असा जोड त्याला जन्मात साधला नव्हता. रबर बसवून बघायला म्हणा, किंवा मुलाला त्रास नको म्हणून म्हणा, बाबा एकटेच उठले होते.

टक. पाच. सहा. सात. आठ.

आठव्यानंतर काठीचं टोक फरशीवर कर्रकन घसरू लागलं आणि बाबांचा श्वास आत ओढला गेला.

डीजेच्या हाताला अशा वेळी विचार करावा लागत नाही. पुढे काही वेडंवाकडं येतंय असं कळलं, की हात आपोआप लूपच्या बटणावर जातो. लूप म्हणजे शेवटचे चार ठोके धरून ठेवायचे आणि तेवढेच फिरवत राहायचे. तेवढ्यात सावरायला वेळ मिळतो. समोर नाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या अंगठ्याने बटण दाबलं.

टक. टक. टक. टक.

घसरण्याचा आवाज आला नाही.

टक. टक. टक. टक.

६

तो दार उघडून पॅसेजमध्ये आला. हेडफोन गळ्यात होता, वायर निसटून मागे पडली होती. दिवसाचा उजेड होता. चपलांच्या कपाटाशी बाबा होते, त्याच्याकडे तोंड करून, काठी टेकत येत होते. एक पाऊल, दोन, तीन. त्याने पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. सदऱ्याच्या आतली ती बारीक, गरम हाडं त्याच्या मुठीत आली. चौथी टक झाली आणि मूठ रिकामी झाली. बाबा कपाटाशी होते.

मागे गेलेले ते त्याला दिसले नाहीत. मागे जायला लागतो तेवढा वेळच मध्ये नव्हता.

त्याने पुन्हा धरलं, दोन्ही हातांनी, कमरेला मिठी मारून. चौथ्या टकीला त्याचे हात त्याच्याच छातीवर आपटले. मग तो कपाटाशी जाऊन उभा राहिला. तेव्हा बाबा त्याच्या पुढून चालत गेले, चार पावलं, आणि त्याला पाठ दिसायच्या ऐवजी परत समोर चेहरा दिसला.

तो खोलीत परतला. बटणाचा दिवा लुकलुकत होता. तो विझवायचा म्हणजे पुढचं वाजू द्यायचं. पुढे काय आहे, ते त्याने अर्ध्या श्वासाएवढं ऐकलं होतं. बटण इथे होतं आणि बाबा तिथे. त्याने मनातल्या मनात पळून पाहिलं. दारापर्यंत तीन ढांगा, पुढे चार. कर्रकन घसरायला एक ठोका लागतो. इतकी वर्षं हा असला हिशोब तो सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत करत आला होता आणि त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत नव्हतं, की हे बसत नाही.

त्याने बायकोला फोन केला. "लवकर ये," एवढंच त्याला बोलता आलं.

"बाबा बरे आहेत ना?"

"चालतायत," तो म्हणाला.

"वा! तू आहेस ना बरोबर?"

त्याने फोन ठेवला. सहा वाजायला अजून तीन तास होते. ती आली तरी काय करणार होती, हे त्याला सुचेना. ती धरेल आणि हा बटण सोडेल, असा एक विचार आला. पण तिच्याही मुठीतून ते निघून गेले तर? आणि तीन तास म्हणजे चार-चार ठोक्यांची किती आवर्तनं, हे त्याच्या डोक्याने न विचारता मोजायला घेतलं. त्याने ते मध्येच तोडलं.

"अरे," पॅसेजमधून बाबांची हाक आली.

आवाज फिरत नव्हता. काठी फिरत होती, पावलं फिरत होती. आवाज सरळ येत होता, रोजच्यासारखा, थोडा दमलेला.

"काय, बाबा?"

"तू काही केलंयस का?"

"पडाल तुम्ही," तो म्हणाला. "मी सोडलं तर पडाल."

"ते कळलंय मला." टक. टक. "दर वेळी तोल जातो की रे. आणि परत इथे." टक. टक. "शंभरदा तरी झालं असेल."

"बाबा, ती येतेय. थोडं थांबा."

"थांबता येत असतं तर थांबलो नसतो का?" बाबा जरासे हसल्यासारखे वाटले. मग बराच वेळ नुसती काठी. "मी नाही तुला बोल लावत. पण पाय फार दुखायला लागलेत रे बाळा. सोड आता."

त्याने अंगठा बटणावर ठेवला. स्पीकरवरचं गाणं कधीच संपून गेलं होतं आणि घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. तो अंगठा तसाच ठेवून बसून राहिला, आणि बाहेर बाबा चालत राहिले.